ट्रॅक्टरचे जुने सामान : किलोवर घालण्याआधी अक्षरे वाचा

उन्हाळी मशागत उरकली आणि पावसाला अजून अवकाश असला, की गावोगाव भंगारवाल्यांचे टेम्पो फिरू लागतात. गोठ्यामागे, चिंचेखाली, पडक्या वाड्याच्या देवडीत पडलेले लोखंड त्यांच्या नजरेतून सुटत नाही. घरचा माणूसही "जागा तरी मोकळी होईल" म्हणत सगळे एकदम काट्यावर चढवतो. फाटका पत्रा, मोडका पाइप, झिजलेली कुळवाची फास गेली तर जाऊ द्या. पण त्याच ढिगात कधी आजोबांच्या वेळच्या ट्रॅक्टरचा पितळी कडीचा दिवा असतो, बिडाची पट्ट्याची पुली असते, बॉनेटवरचा बिल्ला असतो, इंचाच्या खुणा पाडलेला पाना असतो. हे सगळे फाटक्या पत्र्याबरोबर जाते, आणि पुढे दोन हात बदलले की त्याची किंमत निराळीच होते.

अशा वस्तूला एकच भाव नसतो, तीन असतात, हे आधी ध्यानात घ्यावे. पहिला भाव मोडीचा. बीड, पोलाद, पितळ यांचा त्या दिवशीचा दर आणि काट्यावरचे वजन, एवढाच त्याचा हिशेब. दुसरा भाव कामाचा. त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर ज्याच्याकडे अजून चालू आहे आणि ज्याला तो भाग दुकानात मिळत नाही, तो माणूस वजन विचारत नाही. "बसेल का?" एवढेच विचारतो. तिसरा भाव हौसेचा. जुना ट्रॅक्टर मूळ रूपात उभा करणारे, शेतीची जुनी अवजारे जमवणारे, कृषी पर्यटन केंद्राच्या दारात अशी वस्तू मांडणारे लोक तो देतात. भंगारवाला पहिल्या भावाने घेतो. त्यातले निवडक सामान पुण्याच्या जुन्या बाजारात नाही तर मुंबईच्या चोर बाजारात गेले, की तिसऱ्या भावाची बोली सुरू होते. यात भंगारवाल्याने लबाडी केली असे म्हणता येत नाही. त्याने वस्तू ओळखली, आपण ओळखली नाही, एवढेच.

ती ओळखायची कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे ट्रॅक्टर आले कुठून

वस्तू कुठली, हे कळायला आपल्या देशात ट्रॅक्टर कसे आले ते थोडक्यात माहीत हवे. १९५९ पर्यंत जो ट्रॅक्टर दिसे तो परदेशीच. स्वातंत्र्याच्या सुमारास केंद्र सरकारने मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटना काढली. लष्कराने सोडलेली यंत्रे आणि पुढे १९४९ साली जागतिक बँकेच्या कर्जातून आलेले साखळीचे ट्रॅक्टर मध्य भारतातल्या कांस गवताच्या जमिनी मोडायला लावले होते. १९५६ साली राजस्थानात सुरतगडचे सरकारी शेत उभे राहिले, त्याला रशियाने यंत्रे भेट दिली. बागाईतदार, संस्थानिक, साखर कारखाने यांच्याकडे इंग्लंडचे फोर्डसन आणि फर्ग्युसन, अमेरिकेचे इंटरनॅशनल असे येत गेले.

देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरचा. तो एप्रिल १९५९ मध्ये फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. मूळ कंपनी जर्मनीतली, इंजिन हवेने थंड होणारे. १९६० साली मद्रासला टाफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसन इथे बनू लागला. १९६३ साली महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली, तिचा बी-२७५ मुंबईत कांदिवलीला तयार होई. आपल्या राज्यात जुना ट्रॅक्टर म्हटले की बऱ्याच घरांत हाच आठवतो. १९७१ साली एचएमटीने हरियाणात पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे २५११ मॉडेल सुरू केले. त्याच साली एस्कॉर्ट्सने फरिदाबादला फोर्ड ३००० काढला. १९७४ साली स्वराज ७२४ आला, तो मात्र संपूर्ण इथल्याच आराखड्याचा, दुर्गापूरच्या संशोधन संस्थेत घडलेला. याशिवाय रशिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया इथले ट्रॅक्टर सरकारी व्यवस्थेतून आयात होऊन शेतकऱ्यांना मिळाले.

म्हणजे आपल्या परसात सापडणारा भाग बहुधा यांपैकी एखाद्या घराण्याचा असणार. शंभर वर्षांपूर्वीचा निघणे फार अवघड, कारण फोर्डसन हा स्वस्त आणि मोठ्या संख्येने बनलेला पहिला ट्रॅक्टरच १९१७ सालचा. कोणी "अँटिक आहे, सर्टिफिकेट काढून देतो" म्हणू लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावा. पुरावस्तूंच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षांची अट आहे. आपल्या बी-२७५ चा दिवा त्यात बसत नाही. म्हणून तो बिनमोलाचा असेही नाही.

अक्षरे काय सांगतात

सगळ्यात जास्त माहिती वस्तूवरच्या अक्षरांत असते, आणि नेमकी तीच आपण पॉलिश पेपरने घासून टाकतो. वस्तू सापडली की तारेचा ब्रश, ग्राइंडर, रंगाचा डबा यांपैकी काहीही हातात घेऊ नये. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने माती आणि ग्रीस पुसावे. अक्षरे दिसत नसतील तर खडूची भुकटी हलक्या हाताने चोळावी, खोलात पांढरे उठून दिसते. नाहीतर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून शिसपेन घासायचो तसे करावे. उन्हे तिरपी असताना, सकाळी किंवा दिवस कलल्यावर, वस्तू फिरवून पाहिली तरी निम्मे काम होते.

पहिले पाहायचे ते नाव. कंपन्यांची नावे बदलत गेली, त्यामुळे नावावरून काळ निघतो. नुसते 'फर्ग्युसन' असेल आणि रंग राखी असेल, तर तो इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या छोट्या ट्रॅक्टरचा भाग असण्याचा संभव मोठा. तीन त्रिकोणांची खूण आणि 'मॅसी फर्ग्युसन' ही जोडी १९५८ नंतरची. 'फोर्डसन' हे नाव १९६४ साली संपले, त्यानंतर नुसते 'फोर्ड'. 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' असे पूर्ण नाव पट्टीवर असेल तर ती पट्टी १९७७ च्या आतली, कारण त्या साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. नोझल, फिल्टर, प्लग यांवर 'मायको' असेल तर माल २००८ च्या आधीचा, कारण मग त्या कंपनीने बॉश हेच नाव घेतले. मायको १९५१ ची, म्हणजे तिचा काळ लांबलचक आहे. तेवढ्यावरून वस्तू दुर्मीळ ठरत नाही.

दुसरे गावाचे नाव. हे आपल्याकडच्या मालाला फार उपयोगी पडते. 'बॉम्बे' १९९५ पर्यंत, 'मद्रास' १९९६ पर्यंत, 'बडोदा' इंग्रजीत 'बरोडा' असे १९७४ पर्यंत. फरिदाबादपुढे 'पंजाब' लिहिलेले असेल तर वस्तू १९६६ च्या आधीची, कारण त्या वर्षी नोव्हेंबरात हरियाणा निराळा झाला. बंगलोरपुढे 'म्हैसूर राज्य' असेल तर १९७३ च्या आधीची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरची, कारण पिनकोडच त्या दिवशी सुरू झाला. कारखाने जुने ठसे आणि शिल्लक पट्ट्या काही दिवस वापरतात, तेव्हा एखाद-दोन वर्षे इकडे-तिकडे धरून चालावे.

देशाच्या नावाचेही तसेच. 'पश्चिम जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. 'यूएसएसआर' म्हणजे १९९१ पर्यंत. 'चेकोस्लोव्हाकिया' १९९२ अखेर मिटले. नवे कोरे पाकीट, त्यावर छपाई झकपक, आणि आत 'चेकोस्लोव्हाकिया'चा भाग, असे कोणी दाखवले तर दोनदा विचार करावा.

तिसरे म्हणजे आकडे. इंग्लंडच्या लुकास कंपनीच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, स्विचवर भागाच्या क्रमांकाजवळ महिना आणि वर्ष ठोकलेले असते. ६ आणि ५८ असे आकडे दिसले तर जून १९५८ समजावे. मद्रासची लुकास-टीव्हीएस १९६१ ची, तेव्हा तिचे नाव असलेला भाग १९५८ च्या ट्रॅक्टरवर दिसला तर तो नंतर बदललेला आहे हे उघड झाले. भाग खोटा नव्हे, पण मूळचाही नव्हे.

फोर्डची पद्धत तर शाळेतल्या मुलालाही कळेल अशी आहे. ओतीव भागावर उठावाचा लांब क्रमांक असतो. त्यातले पहिले इंग्रजी अक्षर दशक सांगते : सी म्हणजे १९६० चे, डी म्हणजे १९७० चे, ई म्हणजे १९८० चे दशक. पुढचा आकडा त्या दशकातले वर्ष. त्यापुढचे एन हे अक्षर ट्रॅक्टरसाठी. 'सी ५ एन एन' अशी सुरुवात असेल तर १९६५. इथे एक मेख आहे. हे वर्ष त्या भागाचा आराखडा झाल्याचे आहे, ओतल्याचे नाही. आराखडा बदलला नाही तर तोच क्रमांक पुढे कित्येक वर्षे चालतो. म्हणून 'सी ५' पाहून "साठ वर्षांपूर्वीचा नग" असे लगेच सांगू नये. त्याच्या अलीकडचा असू शकतो, पलीकडचा नाही.

फर्ग्युसनच्या पट्टीवर क्रमांकाआधी अक्षरे असतात. टी-ई म्हणजे इंग्लंडचा, टी-ओ म्हणजे अमेरिकेत डेट्रॉइटला बनलेला. टी-ई-ए पेट्रोलचा, टी-ई-डी रॉकेलसारख्या तेलावरचा, टी-ई-एफ डिझेलचा. रॉकेलवाला ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू करून, तापला की तेलावर घ्यायचा. त्यामुळे त्याच्या टाकीला दोन कप्पे आणि दोन झाकणे असतात. अशी टाकी भंगारात दिसली तर "हिला दोन तोंडं कशाला?" म्हणून टाकून देऊ नये. तीच तिची ओळख आहे.

फर्ग्युसनबरोबर मिळणारा पानाही पाहण्यासारखा. लांबी दहा इंच, अंगावर इंचाच्या खुणा आणि कंपनीचे नाव. औताची बरीचशी जुळणी त्या एका पान्याने व्हायची आणि तासाची खोली-रुंदी मोजायची पट्टीही तोच. आमच्या पदविकेच्या वर्गात औत जुळवायला तीन पाने आणि एक टेप लागे. हा पाना परदेशात जमवणारे पुष्कळ, म्हणून त्याच्या नकलाही पुष्कळ. खुणा झिजलेल्या, तोंड किंचित पसरलेले, मधला भाग हाताने गुळगुळीत झालेला असा असेल तर तो राबलेला आहे.

पाना आणि आटे

अक्षरे पार गेली असतील तर नट-बोल्ट विचारावेत. इंग्लंड-अमेरिकेच्या घराण्यातले ट्रॅक्टर, म्हणजे फर्ग्युसन, फोर्ड, बी-२७५, हे इंचाच्या मापाचे. झेटर, आयशर, रशियन हे मिलिमीटरचे. ही परीक्षा करताना १९ च्या पान्यावर भरवसा ठेवू नये. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, दोन्ही नटांना तोच पाना बसतो. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ चा किंचित ढिला पण चालून जातो. खरी परीक्षा नऊ-सोळांश इंचाची. त्या नटावर १४ चा जात नाही आणि १५ चा फिरतो. तिथे कळते.

आटेही बघावेत. ओळखीचा नट हाताने दोन-तीन फेरे सहज गेला पाहिजे. अडला तर जोर करू नये, कारण आटा गेला की दुसरा भाव, म्हणजे कामाचा भाव, तिथेच निम्मा होतो. एकाच भागावर दोन मापांचे बोल्ट सापडले तर मधे कुठल्यातरी गॅरेजात जुगाड झाले आहे. आपल्याकडे ते सर्रास होते आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला तर कोण इंग्लंडच्या बोल्टची वाट पाहणार?

रंगाचा उपयोग होतो, पण जपून. बहुतेक ट्रॅक्टरवर दोन-तीन हात बसलेले असतात, तेव्हा पट्टीखाली, सीटच्या बुडाशी, टूलबॉक्सच्या आत, जिथे ब्रश पोचत नाही तिथे पाहावे. फोर्डसनचा सुरुवातीचा रंग राखी. इंग्लंडात डॅगनहॅमला बनू लागल्यावर तो निळा, १९३७ पासून नारिंगी, महायुद्धात हिरवा असा बदलत गेला. आतला मूळ रंग सापडला तर तो खरवडू नये आणि वरून नवा तर मुळीच चढवू नये. हौशी माणूस चकचकीत वस्तूपेक्षा मूळ रंगाची कळकट वस्तू जास्त देऊन घेतो. आपल्याला हे उलटे वाटते. आपण बैल बाजारात न्यायचा तर शिंगे रंगवून नेतो.

नक्कल कशी पकडावी

मागणी आली की नक्कल येते. बिल्ले, नावपट्ट्या, मीटरच्या काचा आणि चकत्या नव्या करून मिळतात. ज्याला आपला ट्रॅक्टर नीट दिसावा एवढेच हवे, त्याने त्या खुशाल घ्याव्यात. फक्त जुन्याच्या भावाने घेऊ नयेत.

बिडाच्या वस्तूची नक्कल बहुधा मूळ वस्तूचाच वाळूत साचा काढून ओततात. तापलेले बीड निवताना शेकडा एक या सुमाराने आकसते. म्हणून दहा इंची मूळ पुलीवरून काढलेली नक्कल सुमारे एक दशांश इंचाने लहान भरते. मूळ माप माहीत असेल तर टेपनेसुद्धा फरक कळतो. अक्षरांच्या कडा बोथट, मधली जागा भरल्यासारखी, पाठ खरखरीत, हीदेखील नकलेची लक्षणे. गंजाचेही तसेच आहे. ॲसिड लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा, पिवळट-नारिंगी आणि बोटाला लागणारा. वर्षांचा गंज काळपट, घट्ट, आणि हात-पाय लागायच्या जागी नसलेला. सीटची पुढची कड, क्लचची टाच, टूलबॉक्सची कडी, टॉपलिंकचे भोक इथे झीज हवीच. वापराच्या जागी झीज नाही आणि नको त्या जागी आहे, असे दिसले की घेऊ नये.

पितळी म्हणून दाखवलेल्या वस्तूला लोहचुंबक लावावे. चिकटले तर आत लोखंड, वरून मुलामा. न चिकटल्यास लगेच पितळ समजू नये, कारण जस्ताचे ओतीव भागही चिकटत नाहीत. ते हातात हलके लागतात आणि कोपऱ्याला पोपडे धरतात.

भाव कशावर ठरतो

एका गावात वाटणीच्या वेळी हा प्रश्न आमच्यासमोर आला. वडील वारलेले, शेडमध्ये बी-२७५ उभा. इंजिन बसलेले, टायर गेलेले. थोरल्या भावाला सगळा ट्रॅक्टर भंगारात देऊन पैसे दोघांत करायचे होते, धाकट्याला तो दारात ठेवायचा होता. बोलणे बंद व्हायची वेळ आली. सरपंचांनी मला बोलावले ते खरे म्हणजे पीक पाहणीसाठी, पण विषय तिकडे गेला. आम्ही कागद घेऊन बसलो आणि भागांच्या तीन याद्या केल्या : ज्याला कोणी वजनापलीकडे काही देणार नाही ते, चालू बी-२७५ वाल्याला लागेल ते, आणि जुन्या कंपनीचे नाव असलेले. पहिली यादी सर्वांत लांब निघाली. वाकलेले मडगार्ड, फुटलेला रेडिएटर, रिमा हे सारे मोडीचे. दुसऱ्या यादीत गिअर, हायड्रॉलिकचे भाग, पुढचा ॲक्सल आले. शेजारच्या तालुक्यातला एक मेकॅनिक ते पाहायला स्वतः मोटारसायकलवर आला. तिसऱ्या यादीत बॉनेटचा बिल्ला, टूलबॉक्स, एक दिवा आणि वडिलांनी जपून ठेवलेले कंपनीचे माहितीपुस्तक एवढेच.

धाकट्याने तिसरी यादी आपल्या वाटणीत घेतली, पहिल्या दोन्हींचे पैसे दोघांनी वाटले. त्या दोन याद्यांचे मिळून जे आले ते भंगारवाल्याच्या एकगठ्ठा बोलीहून बरेच जास्त होते. आणि जास्त आले ते दुसऱ्या यादीमुळे, बिल्ल्यामुळे नव्हे.

हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल मोबाइलवर परदेशातली एखादी जाहिरात पाहून लोक हरखून जातात. तिथे मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत अंतर असते. शिवाय बिडाची पुली तिकडे पाठवायची तर वाहतूक वस्तूहून महाग. बी-२७५ आणि मॅसी १०३५ आपल्याकडे भरपूर खपले, चालू स्थितीतलेही दिसतात. त्यांच्या भागांना कामाचा भाव चांगला, हौसेचा बेताचा. उलट फोर्डसन, राखी फर्ग्युसन किंवा सुरुवातीचा एका सिलिंडरचा आयशर यांच्या गिअरला गिऱ्हाईक शोधावे लागेल, पण त्यांच्या नावाच्या वस्तूला हौशी माणूस येईल. एचएमटीची गोष्ट आणखी निराळी. २०१६ साली तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला, आणि झेटर २५११ अजून राखून असलेले शेतकरी भागांसाठी वणवण करतात. त्यांच्यासाठी तुमच्या परसातला पंप मोडीचा नाही.

जोडीची वस्तू फोडू नये. दोन दिवे एकाच बनावटीचे, काच आणि कडी शाबूत असतील तर जोडीचा भाव दोन सुट्या दिव्यांच्या बेरजेपेक्षा जास्त येतो. औताचा एखादा फाळ, टॉपलिंक आणि पिना वेगवेगळ्या माणसांना दिल्या की औत संपले. पट्ट्याची पुली, जिच्यावर एके काळी मळणीयंत्र आणि उसाचा चरक चालले, ती तिच्या गिअरपेटीसकट ठेवावी. नुसत्या चाकाला मोडीचाच भाव येतो.

कागद

वस्तूचे कूळ सांगायला कागदासारखा साक्षीदार नाही. ट्रॅक्टरचे आरसी बुक, विक्रेत्याची पावती, माहितीपुस्तक, भू-विकास बँकेच्या कर्जाचे कागद, सातबाराच्या इतर हक्कात चढलेला आणि पुढे उतरलेला बोजा, यांतून ट्रॅक्टर कोणत्या साली कोणाच्या नावे आला हे पक्के होते. ट्रॅक्टरसोबत काढलेला जुना फोटो असेल तर त्यात नंबरपट्टी दिसते का पाहावे. एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या नियमांपासूनची. त्याआधी तीन अक्षरे आणि पुढे आकडे असत. घरातली म्हातारी माणसे वर्ष विसरतात, पण "बहात्तरच्या दुष्काळात तगाई फेडली नव्हती, त्यानंतर घेतला" असे नेमके सांगतात. ते लिहून घ्यावे.

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा किंवा बीजगुणन केंद्र यांच्या आवारातही असे सामान पडलेले असते. निर्लेखनाच्या प्रस्तावात त्याचे वर्णन बहुधा "जुने लोखंडी साहित्य, अंदाजे इतके किलो" असे असते आणि लिलाव त्या वर्णनावरच होतो. ग्रामसेवक आणि सचिवांना विनंती, की जडवस्तू नोंदवहीतली मूळ नोंद काढून पाहावी. खरेदीचे साल आणि मेक तिथे सापडते. ते आणि वस्तूवरची अक्षरे फोटोसह प्रस्तावात घालावीत, आणि ट्रॅक्टरचे भाग व औते पत्रा-पाइपांपासून निराळी करून त्यांचा वेगळा लिलाव ठेवावा. बोली बोलणारे लोक बदलतात. लेखापरीक्षणात कोणी विचारले तर उत्तरही तयार असते.

आता एका वस्तूबद्दल. इंजिन आणि चॅसी नंबरची पट्टी, किंवा ते नंबर ठोकलेला भाग, सुटा कोणालाही विकू नये. पट्टी मागणारा गोड बोलून, दिव्यापेक्षा जास्त पैसे देऊ करतो. आरटीओच्या दप्तरात तो नंबर तुमच्या नावावर आहे, आणि उद्या दुसऱ्याच ट्रॅक्टरवर ती पट्टी निघाली तर पोलीस तुमच्या दारात येतील. ट्रॅक्टर पुरता मोडायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे, वाहन कायमचे निकामी झाल्याचे मालकाने चौदा दिवसांत किंवा जमेल तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून आरसी बुक जमा करायचे असते. २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या 'व्हिंटेज' वाहनांसाठी नोंदणीचे वेगळे नियम झाले, पण ते दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी. ट्रॅक्टर त्यांत नाही, त्यामुळे त्या नावाने कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. ज्या ट्रॅक्टरचे मालक वारले आहेत त्याची नोंदणी आधी वारसांच्या नावे करून घ्यावी लागते, तेव्हा टेम्पो दारात यायच्या आत मृत्यूचा दाखला आणि आरसी बुक एका पिशवीत काढून ठेवावे.